प्रत्येक मुलाला एक मासा

रविवार, २ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद हवी.

काम असं. घरी कुणी नसलेल्या, किंवा असून नसल्यासारख्या मुलांना वसतिगृहातून दर रविवारी तळ्यावर न्यायचं आणि गळ टाकायला शिकवायचं. मासा पकडायचा, डोळे भरून बघायचा, सोडून द्यायचा. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस. माझ्या वाट्याला भिंगरी आली. वय नऊ. वसतिगृहात पाच मिनिटं एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव, पण तळ्यावर तासन् तास हूं की चूं करत नाही. संस्था चालवणाऱ्या ताई म्हणतात, ती सोमवारपासूनच रविवारची वाट बघते.

आज ताईंनी सांगितलं की तळं ज्यांच्या मालकीचं आहे त्या बाई १६ तारखेला येणार. बोटिंगवाले त्यांच्या मागे लागलेत. मुलांचं खरंच भलं होतंय असं दिसलं तर परवानगी, नाहीतर मार्चपासून रविवार बंद. सगळ्यांचे चेहरे उतरले. मला कुणाचे उतरलेले चेहरे बघवत नाहीत. उभा राहून म्हणालो, १६ तारखेला प्रत्येक मुलाला एक मासा मिळेल, जबाबदारी माझी. ताई म्हणाल्या, त्याची काही गरज नाही. फार संकोची बाई.

भिंगरीने विचारलं, मला पण? तिला आजवर एकही मिळालेला नाही. (वारा.) म्हटलं, तुला सगळ्यांत मोठा.

तसा मलाही अजून मिळालेला नाही. पण ताईंना फोनवर 'लहानपणापासून अनुभव आहे' म्हणालो ते खोटं नव्हे. मामाची गळाची काठी मी धरली होती. मामा पाच मिनिटं झाडामागे गेला होता तेव्हा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ऑफिसात फायलीआड मोबाईल धरून व्हिडिओ पाहिले. गुरुकिल्ली सापडली. माशांना एका जागी रोज खायला घातलं की ते तिथेच मुक्काम ठोकतात. उद्यापासून ऑफिस सुटलं की थेट तळं, पिठाचे गोळे घेऊन. कुणाला सांगायचं नाही. श्रेय आपोआप मिळेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

यश. मला बघताच पाणी खळबळतं. ओळखायला लागलेत. तीन-चार तर आ वासूनच येतात.

बायकोने विचारलं, पीठ जातंय कुठे. सांगावं लागलं. ती म्हणाली, पोट भरल्यावर गळाला कोण तोंड लावेल? तिला माशांचं मानसशास्त्र कळत नाही. वाद घातला नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

एकाही मुलाला मासा नाही. संस्था सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

मासे आहेत. दिसतात. लग्नात जेवून आलेल्या पाहुण्यांसारखे गळाशेजारून निवांत जातात. एक भिंगरीच्या गळापाशी थांबला, हुंगून वळला. तिने विचारलं, काका, त्यांना माझंच आवडत नाही का? म्हटलं, वारा आहे. झाडाचं पानही हलत नव्हतं.

ताई सगळ्यांना विचारत होत्या, असं कसं झालं. मी बुटाची नाडी बांधत होतो.

शांतपणे विचार केला. निष्कर्ष: पीठ कमी पडलं. उद्यापासून दुप्पट.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

झोप नाही. आज एका पॉलिसीवर 'विमेदार मयत' असा शेरा मारला. विमेदार समोरच बसला होता. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? म्हटलं, समाजकार्याचा ताण.

आता मासे पिठालाही येईनासे झालेत. गोळे पाण्यावर फुगून तरंगतात. बहुधा रविवारसाठी भूक राखून ठेवत असावेत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

स्वतः गळ टाकून पाहिला. अंधार पडेपर्यंत बसलो. काही नाही.

बाकीच्या मुलांचं ताई बघतील, पण भिंगरीला मी शब्द दिलाय. तिने वसतिगृहात सगळ्यांना सांगून ठेवलंय, मला उद्या सगळ्यांत मोठा मिळणार.

म्हणून योजना दोन. ही फसवणूक नव्हे. जन्मभर लोकांना विमा विकला, एखादा स्वतःचाही असावा. बायकोला सांगितलं, बाजारातून एक मोठा, ताजा, अख्खा मासा आण. नदीतलाच. ती घेऊन आली. पिशवी फ्रिजमध्ये आहे. वास सहन होत नाही म्हणून उघडून पाहिली नाही. सकाळी बॅगेत टाकायची.

रविवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळी

आताच तळ्यावरून आलो.

बाई आल्या. छत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या. सकाळची दुपार झाली तरी कुणाच्याही गळाचं बूच पाण्यावर हललं नाही. बाई अधूनमधून घड्याळ बघत. ताई ओठ चावत. भिंगरी मात्र पाण्यावरून नजर काढेना, दर थोड्या वेळाने न वळता विचारी, आता येईल ना? मी म्हणे, येणारच.

मग ताईंनी मुलांना बाईंशी ओळख करून द्यायला बोलावलं. मी झाडाआड झालो. डोळे मिटून, नाक दाबून पिशवीतला मासा भिंगरीच्या गळाला अडकवला आणि पाण्यात सोडला. ती परत आल्यावर म्हटलं, ओढ.

तिने ओढला. मोठाच होता. सगळे टाळ्या वाजवत धावले. तेव्हा मी पहिल्यांदा मासा नीट पाहिला. खवले काढलेले. कल्ले काढलेले. पोट चिरून आतून लख्ख धुतलेलं. मासेवालीने साफ करून दिला होता. गिऱ्हाईक घरी शिजवायला नेतं म्हटल्यावर ती तसाच देणार. मी बायकोला 'साफ करू नको' म्हटलं नव्हतं आणि तिला माझ्या डोक्यातलं दिसत नाही.

भिंगरीने माशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी आभाळाकडे.

तिने मासा पोटाच्या बाजूने फ्रॉकला घट्ट धरला. बाई जवळ येऊन म्हणाल्या, बघू. ती म्हणाली, लगेच सोडायचा असतो, आमचा नियम आहे. वाकली आणि सोडला. तो सरळ तळाशी गेला. बाईंनी पाण्यात वाकून पाहिलं, छत्री मिटली आणि निघून गेल्या.

एकंदरीत कार्यक्रम बरा झाला. जेवण गेलं नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ताईंचा फोन. परवानगी मिळाली. बाई म्हणाल्या म्हणे, इतका वेळ मासा मिळाला नाही तरी एक मूल उठलं नाही, रडलं नाही, दुसऱ्याला ढकललं नाही. एवढं बघायलाच आले होते. माशाबद्दल त्या बोलल्या नाहीत. नियोजन माझंच होतं, पण मी ते बोलून दाखवलं नाही.

मग ताई म्हणाल्या, तो मासा कुठून आला असं भिंगरीला विचारलं, तर तिने 'मीच आणला' म्हणून सांगितलं. पाण्यापाशी फसवाफसवी केली की महिनाभर काठी नाही, सतरंजीवर बसायचं, हा मुलांचा नियम. पाण्याजवळ एकमेकांच्या शब्दावर भरवसा लागतो म्हणून. तुमच्या कानावर असावं, एवढंच.

मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला. बरं? लाज वाटली. अजून वाटतेय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

निर्णय पक्का. उद्या सर्वांसमक्ष सत्य सांगणार. भाषण तयार आहे. सुरुवातीला सत्याचं महत्त्व, मग माझी पार्श्वभूमी, मग मासा. आरशासमोर म्हणून पाहिलं, शेवटी मलाच भरून आलं. बायको म्हणाली, 'मासा माझा होता' एवढंच म्हणा ना. तिला भाषणातलं काही कळत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

भिंगरी सतरंजीवर बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून. बाकीची मुलं पाण्यापाशी.

मी मधोमध उभा राहून म्हणालो, मित्रहो. ताईंनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, वसतिगृहातली मुलगी साफ केलेला मासा कुठून आणेल? मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या फोनची आठवडाभर वाट बघितली. खोटं तीही बोलली, म्हणून घडीभर बसवलं, तेवढं पुरे. मग तिला म्हणाल्या, जा, काठी घे. मला म्हणाल्या, बसा.

भिंगरी उठली. माझ्या शेजारून जाताना थांबून म्हणाली, काका, मला लहानसुद्धा चालला असता.

बसलो. महिनाभर काठी नाही. तळ्यावर माझ्या पिठाचा तवंग अजून होता, पण कडेकडेला पाणी निवळलेलं.

व्हॅनचा ड्रायव्हर येऊन शेजारी टेकला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तळ्याकडे पाठ करून त्याला समजावून सांगितलं, मासेमारीत घाई करून चालत नाही, नजर पाण्यावर हवी, मुलांच्या हे पटकन लक्षात येत नाही. तो मान हलवत होता. मग एकदम उठून पाण्याकडे धावला. सगळेच धावत होते.

भिंगरीला मासा मिळाला होता. जिवंत, बोटाएवढा. ड्रायव्हरने पाहिला, ताईंनी पाहिला, एकूण एक मुलाने पाहिला. मी पोचलो तोवर तिने सोडून दिला होता.