ढाण्या पाणी प्यायला

बिराप्पादादा,

सुनेच्या फ्लॅटातली गादी मऊ आहे ना? असू दे. मेंढरं विकून गुडघ्यांच्या ऑपरेशनला पुण्याला गेलास, ढाण्याला माझ्याकडं ठेवलंस. फोनवर आधी कुत्र्याचं विचारतोस, बहिणीचं मागनं.

काल प्रतीक्षा आणि मी त्याला रामलिंगच्या धबधब्याकडं नेलं. जंगलातली वाट इतकी सोपी, की तुझे गुडघेसुद्धा कुरकुरले नसते. ढाण्या मात्र आम्हा मायलेकींना मेंढरांसारखं हाकत होता. रेंगाळलं की पोटरीला नाक.

धबधब्याशी दोघी पाणी प्यालो. तो जीभ काढून मागच्या वाटेकडं बघत बसला. कळपातलं शेवटचं जनावर प्यायल्याशिवाय तो पीत न्हाय, ही तुझीच शिकवण.

"आई, कुणाची वाट बघतोय गं?"

"तुझ्या मामाची. एवढं सावकाश दुसरं कोण चालतं?"

शेवटी बसायला नेलेलं तुझं घोंगडं पाण्याकाठी अंथरलं. त्यानं ते हुंगलं, आणि लपालपा प्यायला.

'ढाण्या मजेत आहे' म्हणून तुला रोज फसवते, काल त्यालाही फसवलं. खरं कळलं तर ऑपरेशन सोडून उद्याच्या एसटीनं येशील, म्हणून हे पत्र टाकत न्हाय. घोंगडं कालपासून माझ्या उशाला आहे. मला मात्र तसं फसता येत न्हाय.

तुझ्या कळपातली,
दैवशाला