गाठ जशीच्या तशी

टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना
दि. ११ सप्टेंबर १९९६

प्रिय बेबीनंदा,

'प्रिय' लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिले. एरवी या पत्रात तुझे कौतुक नाही.

जालन्याच्या प्रकाशकाकडे तू काम शिकू लागलीस, त्याला अडीच महिने झाले. नकाराचे पत्र नम्रपणे, चार ओळींत कसे लिहावे हे साहेबांनी शिकवले, असे तू मागे मोठ्या तोऱ्यात कळवलेस. शिकलीस खरी. तसले एक पत्र काल आपला शेजारी रामकिसन याच्या नावे आले. 'आपले हस्तलिखित काळजीपूर्वक वाचले. छापणे शक्य नाही, क्षमस्व.' अक्षर तुझे. पाटीवर ते मीच तुझ्याकडून घोटून घेतले आहे.

ते हस्तलिखित माझे होते. नातीच्या वशिल्याने छापून घेणे मला मंजूर नव्हते, म्हणून रामकिसनचे नाव घातले. छापले नाही तरी चालेल, पण पहिले पान उघडताच तू माझे अक्षर ओळखशील आणि पुढे वाचशील, अशी माझी खात्री होती. एकशे बारा पाने फडक्यात बांधली आणि भोकरदनच्या अडतीवर तीस वर्षे पोत्यांना मारली तीच गाठ मारली. ती एकदा सोडली की दुसऱ्याला तशी बांधता येत नाही. गठ्ठा परत आला तेव्हा रामकिसन म्हणाला, "काका, वाचलं म्हणतेत, अन् गाठ तर तुमचीच हाय की! फडक्यातूनच वाचून राह्यले काय?" तो हसला. मला हसू आले नाही.

मी चौथी शिकलेला मापाडी. परंतु पोत्यात परखी खुपसून तळाचे मूठभर दाणे हातावर घेतल्याशिवाय आमच्या बाजारात कोणी माल नाकारीत नसे. साहेबांनी सांगितले म्हणून लिहिले, असे उत्तर मला धाडू नकोस. वाचल्याचे तू लिहून दिले आहेस.

खोटा नकार काय करतो, हे मला ठाऊक आहे. तू सहा वर्षांची असताना तुझ्या आईला, प्रभावतीला, शहागडच्या शाळेत नेमणूक मिळाल्याचा कागद आला. सून परगावी एकटी राहणार, हे मला मानवले नाही. कागद मी दडवला. ती रोज पोस्टमनला विचारी, "भाऊ, माझा कागद आल्ता का?" अखेर मीच तिला सांगितले की, तुला घेतले नाही. त्या दिवशी तिने पुस्तके ट्रंकेत घातली आणि मरेपर्यंत ती ट्रंक उघडली नाही. तुझ्यासमोर हे बोलण्याची मला छाती झाली नाही, म्हणून एकशे बारा पाने लिहिली. तो कागदही त्यातच आहे. गठ्ठा आता पोस्टाने येणार नाही. तू ये. माझ्यादेखत गाठ सोड, शेवटपर्यंत वाच आणि मग मला नकार दे. तो तरी खरा असेल.

तुझा, अजून तरी, आजोबा
भुजंग