रुख्मिणीबाईंचं नाव कमी करण्याबाबत

९ जानेवारी, गुरुवार

नाही म्हणाले. आई घरात पांढऱ्या चादरीखाली आहे, आणि चर्चचे पाळक नाही म्हणाले!

सकाळी सहाला गेली. आठ दिवस धाप होती, डॉक्टर म्हणालेच होते की वयाचं काही सांगता येत नाही. शेजारच्या नूरजहांभाभींनी माझ्याबरोबर तिला आंघोळ घातली. नऊला मी पाळकांकडे गेले, दफनभूमीत खड्डा खणायला माणसं सांगा म्हणून. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की रुख्मिणीबाई सभासद नाहीत, आणि जागा फक्त सभासदांना. नियम त्यांनी केलेला नाही. त्यांना फार वाईट वाटतं.

वाईट वाटतं!

पन्नास वर्षं दर शनिवारी तिनं त्या चर्चची फरशी पुसली. बाबा त्याच दफनभूमीत आहेत, भिंतीकडून चौथे. शेजारची जागा रिकामी आहे. मी आत्ता जाऊन बघून आले.

तिचं नाव कमी झालं दोन वर्षांपूर्वी. वडनेरला मामी वारली, आई पुण्यानुमोदनाला गेली. मामाचं सगळं घर बौद्ध, आईही लग्नात बाप्तिस्मा घेण्याआधी बौद्धच. वंदनेला सगळे बुद्धमूर्तीपुढे वाकले, तीही वाकली. कुणीतरी फोटो काढला. फिरत फिरत तो आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर आला. पंचकमिटी बसली, आईला बोलावलं, पश्चात्ताप करा म्हणाली. आई म्हणाली, "भावाच्या दुखात गेलती मी. त्याचा काय पस्तावा करू?" झालं. ठराव झाला.

मामाला, म्हणजे किसनरावांना, फोन केला. मी रडत सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "घेऊन ये तिले. माह्या वावरात जागा आहे."

१० जानेवारी, शुक्रवार

वडनेर भोलजी. दुपारी बाराला आईला मामाच्या वावरात ठेवलं, बांधाजवळ, कपाशीच्या पऱ्हाटीच्या पलीकडे. बौद्ध वाड्यातल्या माणसांनी खड्डा खणला. दगड लागला तेव्हा पहार आणायला कुणाला सांगावं लागलं नाही. आमच्या मंडळीतून एक माणूस आला नाही. एक!

मामाचा मुलगा प्रसेनजित मला विचारायला आला, ताई, डोकं कोणीकडे करायचं? मला सांगता येईना. वीस वर्षं मी मुलांना पवित्र शास्त्र शिकवते, रविवारी बायकांचा अभ्यासवर्ग घेते, आणि मेलेल्या माणसाचं डोकं कोणीकडे करायचं ते मला ठाऊक नाही. ते सगळं पाळक बघतात. शेवटी मामा म्हणाला, घराकडे करा.

शास्त्र मीच वाचलं. मधेच अडखळले. सगळे हात जोडून उभे होते, मी पुन्हा सुरू करेपर्यंत कुणी हललं नाही. त्यांच्यापैकी एकालाही असं वाटलं नसेल की या वाचनाने आपला धर्म बुडाला.

१२ जानेवारी, रविवार

उपासनेची घंटा ऐकू आली. खिडक्या लावून घेतल्या.

१४ जानेवारी, मंगळवार

शालूबाई आणि महिला मंडळाच्या दोघी सांत्वनाला आल्या. पाच दिवसांनी! बराच वेळ थंडीबद्दल बोलल्या. मग शालूबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, प्रभूची इच्छा. मी हात काढून घेतला. विचारलं, प्रभूची की पंचकमिटीची? प्रार्थना करूया का, असं दुसरीनं विचारलं. मी म्हटलं, तुमच्या घरी जाऊन करा.

त्या गेल्यावर मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

देवाशीही बोलणं बंद आहे. त्याच्या घरातली फरशी आता पुसतं कोण ते बघावं त्याने.

१६ जानेवारी, गुरुवार

सापडलं!

शोधत नव्हते. फेब्रुवारीत मुलांना नामानाची गोष्ट सांगायची असते, म्हणून सवयीने पान उघडलं. नामान परक्या देशाचा सेनापती, कुष्ठ होतं, संदेष्ट्याने सांगितलं नदीत सात वेळा बुडी मार. सात बुड्या, कातडी लहान मुलासारखी. इथं मी दर वर्षी गोष्ट संपवते. मुलं टाळ्या वाजवतात.

पण ती तिथं संपत नाही. पुढे नामान म्हणतो की आता मी तुझ्या देवाशिवाय दुसऱ्या कुठल्या देवाला भजणार नाही, फक्त एक माफी आधीच मागून ठेवतो. माझा राजा म्हातारा आहे, आपल्या देवळात जाताना तो माझ्या हातावर रेलतो. तो वाकला की मलाही वाकावं लागेल. तेवढं तुझ्या देवाने मला क्षमा करावं. (म्हातारा हा शब्द तिथे नाही. मला तो तसाच दिसतो.)

आणि संदेष्टा काय करतो? कमिटी बसवतो? तो म्हणतो, शांतीने जा.

एवढंच. शांतीने जा.

मी उठून मोबाईलमधला तो फोटो शोधला. दोन वर्षांत तो मी नीट बघितलाच नव्हता. मोठा करून बघितला. आई वाकलेली आहे, हो. पण तिचा डावा दंड मामाने धरलाय. नुकती बायको गेलेला, गुडघ्यांनी अधू म्हातारा, सगळं वजन तिच्या हातावर. तो वाकला म्हणून ती वाकली.

वीस वर्षं अर्धीच गोष्ट सांगितली मी!

२१ जानेवारी, मंगळवार

पाळकांकडे गेले. शास्त्र आणि मोबाईल दोन्ही टेबलावर ठेवले. वाचा म्हटलं.

त्यांनी वाचलं. फोटो मोठा करून दिला, तोही बघितला. ते मूर्ख नाहीत, तीच तर चीड येते. शांतपणे म्हणाले, नामान विश्वासात नवा होता, राजाचा चाकर होता. तुमच्या आई पन्नास वर्षांच्या विश्वासी. त्यांच्यावर कुणाची जबरदस्ती होती?

मी म्हटलं, भावाच्या वजनाची होती. मेलेल्या बाईला बाहेर ठेवायला तुम्हाला ओळ सापडते, आणि आत घ्यायची ओळ सापडली तर तिला कारणं! तुमचा प्रभू शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी नियम मोडून आजाऱ्यांना बरं करत होता, आणि तुम्ही त्याच्या नावाने कुलूप घेऊन बसलात. बरंच बोलले. आवाज बाहेर जात होता, त्यांच्या बायकोने दार लोटून घेतलं.

ते उठले. मग कपाटातून ठरावांचं रजिस्टर काढलं. पान उघडून माझ्याकडे फिरवलं. सभासद रुख्मिणीबाई यांचं नाव कमी करण्याबाबत. पाच सह्या.

"मी एकट्याने काढलं का तुमच्या आईला?" ते म्हणाले.

तिसरी सही माझी आहे.

हे मी इथे कधी लिहिलं नाही. त्या दिवशीचं पान कोरं सोडलं होतं. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून मी कमिटीवर होते. आईला घरी पाठवल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते की ही आता आईची बाजू घेते का. आदल्याच महिन्यात वर्गात मी दुसरी आज्ञा, मूर्तीपुढे वाकू नका, शिकवली होती, अगदी जोरात. पेन माझ्याकडे आलं. मी सही केली. घरी येऊन आईला सांगितलं की कमिटीने ठरवलं.

२२ जानेवारी, बुधवार

रजा टाकली. दिवसभर कुणाशी बोलले नाही. पाळकांवर चिडायला बघते, जमत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळच्या बसने वडनेरला गेले. मामा ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. त्याला सहीचं सांगितलं. वाटलं, उठवेल, निघ म्हणेल.

त्याने हातातली शेंग सोलून संपवली. म्हणाला, "तिले माहीत होतं. पाळकाच्या बायकोनं त्याच दिशी सांगतलं होतं तिले. तिनं मले फोन केला. म्हने, पोरीले यातलं काई बोलू नको."

दोन वर्षं ती रोज माझ्या हातचं जेवली.