जॅकेटची चेन

३ जानेवारी

बाईंनी शाळेत बोलावलं. तीन दिवसांचं शिबिर आहे म्हणे, मुलीला पाठवा. पालकांनी सोबत यायचं नाही! म्हटलं, अहो, तिचा डावा हात जन्मापासून ऐकत नाही. अकरा वर्षांची झाली तरी जॅकेटची चेन मीच लावते, रोज तिच्यासमोर गुडघे टेकून. बाई हसल्या. "शाळेत ती स्वतः लावते. हवं तर येऊन बघा."

थापा! घरी तर राणीसरकार हात पसरून उभ्या.

फॉर्मवर लिहिलंय — 'माझी मुलगी स्वतःची कामं स्वतः करते.' खाली माझी सही हवी. खोटं कसं लिहू?

५ जानेवारी

बाईंचा नियम: आधी शंभर आकडे मोजा, मगच मदत करा. मला आठची ड्यूटी गाठायची, शंभर कुठले मोजतेय! बारापर्यंत गेले, एकदम 'शंभर' म्हटलं आणि ओढली चेन.

"आई, मधले आकडे खाल्लेस तू!"

८ जानेवारी

चाळीसपर्यंत पोचले होते, तेवढ्यात नणंद आली. "वहिनी, तू आई आहेस की हवालदार?" म्हणत तिनेच लावून टाकली. माझा जीव भांड्यात पडला. लाजही वाटली.

खरं लिहायचं तर ती गेली नाही तर मला बरंच वाटेल. तिकडे पडली तर? कुणी हसलं तर? इथे निदान मी आहे.

९ जानेवारी

कालचं वाचलं. आणि मी नसेन तेव्हा?

१० जानेवारी

एकसष्ट. ड्यूटीला उशीर. बोलणी खाल्ली.

१२ जानेवारी

आज सुट्टी काढून शाळेत गेले. वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. डाव्या कोपराने जॅकेटचं टोक पोटाशी दाबून धरलं, उजव्या हाताने चेन अडकवली, सर्रकन वर ओढली. मग शेजारणीचीही लावून दिली! मी तिथेच रडले. आणि संतापले — मग घरी हे सोंग कशाला?

विचारलं तर म्हणे, भूक लागलीये. नवरा म्हणतो, "तुझ्यावरच गेलीये. मनातलं सांगेल तर शपथ!"

सही केली.

१९ जानेवारी

शिबिराचा दिवस. सत्तावीस आकड्यांत चेन गळ्यापर्यंत! शाबासकी दिली, पर्स उचलली, दाराकडे वळले.

"आई, तरी खाली बस ना. चेन लावतानाच तेवढी बसतेस माझ्याजवळ."

टेकले गुडघे. शाळेचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दे!