बावन्न मुली, एकोणपन्नास नावं

लिंकन,
९ ऑक्टोबर २०१९

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तिसऱ्या वाक्याला तुमचा आवाज चढतो आणि मी फोन ठेवते, म्हणून पत्र. आईच्या हातच्या सारण भरलेल्या गोड पावरोट्या, कोलाची, पोचल्या. आलुबुखाराच्या मी ठेवल्या, खसखशीच्या कार्यालयात वाटल्या. आईला हे सांगू नका.

कामाचं लिहिते. पुढच्या दोन वर्षांचे गट ठरवण्यासाठी सगळ्या हायस्कूलांचे पट क्रीडा मंडळाकडे आले आहेत आणि ते तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. पन्नासपर्यंत मुली असलेल्या शाळेचा व्हॉलीबॉल संघ खालच्या गटात, एकावन्नपासून वरच्या. मिलर्स फोर्क हायस्कूलने १ ऑक्टोबरच्या मोजणीत एकोणपन्नास मुली दाखवल्या आहेत. मे महिन्यात संघाचे कोच म्हणून तुम्हीच बावन्नचा अंदाज दिला होता. या उन्हाळ्यात गावातून कुणी घर हलवल्याचं आईने कळवलेलं नाही, आणि आई असलं काही सोडत नाही.

तीन मुली कुठे गेल्या? मंडळाची कर्मचारी म्हणून विचारण्याआधी मुलगी म्हणून विचारते आहे.

लोभ आहे तसा राहू द्या.

तुमची,
ब्रिटा

---

मिलर्स फोर्क,
१३ ऑक्टोबर

चि. ब्रिटास,
अ. उ. आ.

साहेबांचं पत्र मिळालं. तीन मुली घरी शिकणाऱ्यांच्या यादीत गेल्या. मुख्याध्यापक ओटेंची सही आहे. संपलं.

आता मी विचारतो. गेल्या गुरुवारी आम्ही नव्वद मुलींच्या शाळेशी खेळलो. तिच्या गाड्या लावायच्या जागेत आपलं अख्खं गाव मावेल. २५-६, २५-४, २५-७. त्यांच्या बाकावरची सगळ्यात बुटकी मुलगी आमच्या सगळ्यात उंच मुलीच्या डोक्यावरून पलीकडे बघते. एकावन्न आणि नव्वद एकाच गटात घालायचं कुणाच्या डोक्यातून निघालं? तुझ्या तक्त्यांतून?

एकोणतीस वर्षं गळ्यात शिट्टी आहे. राज्य स्पर्धेला एकदाही संघ नेला नाही. दोन वर्षांनी मी निवृत्त होणार. या वर्षी दहावीत ज्या पाचजणी आहेत, तशा मला पुन्हा मिळायच्या नाहीत. खालच्या गटात त्या राज्य स्पर्धा गाठतात. वरच्या गटात त्या परतीच्या बसमध्ये रडतात, आणि मी पुढच्या सीटवर बसून ते ऐकतो. त्या तिघींचं काय बिघडलं? एकही चेंडूला हात लावत नाही. चार दिवस कागदावर इकडच्या तिकडे झाल्या, एवढंच.

आई म्हणते, पोरीला फार बोलू नका. बोललो कुठे, लिहिलं. एवढी शिकलीस, एकदा तरी चष्मा काढून आपल्या गावाकडे बघ.

लोभ सवडीने करावा.

तुझा बाप,
एमिल

---

लिंकन,
१७ ऑक्टोबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि. रीत आहे म्हणून लिहिलं.

चार दिवसांचं मी विचारलं नव्हतं. ते तुम्ही लिहिलंत.

शाळेच्या स्वयंपाकघरात ताटं वाढताना पाहिलेलं आईने मला गंमत म्हणून कळवलं होतं की कोरा हॅन्सेलचा जेवणाचा नंबर मशीन चार दिवस घेत नव्हतं. नियमाप्रमाणे तिचं गरम ताट परत घेऊन तिला थंड चीज सँडविच द्यावं लागलं. पटावरून नाव निघालं की नंबर बंद पडतो, हे कारण आईला माहीत नव्हतं. कोरालाही कुणी सांगितलं नव्हतं. ती रोज शाळेत येत होती आणि रोज रांगेत उभी राहत होती.

१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तुमचा घरच्या मैदानावर सामना होता. त्याचा गुणतक्ता माझ्यासमोर आहे. तो कोराने लिहिला आहे. सातला मधून आडवी रेघ आहे. टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येक मुलीला तुम्ही ती शिकवता, एक आणि सात गुंतू नयेत म्हणून. गुणतक्ता लिहिणारी मुलगी शाळेच्या पटावरची लागते, हेही मला तुम्हीच शिकवलंत. पटावरून नावं काढताना तुम्ही तिला विसरलात, कारण ती तुम्हाला दिसतच नव्हती.

पन्नासवर यायला दोन नावं पुरली असती. तिसरं तुम्ही जादा काढलंत.

एकावन्न आणि नव्वद एका गटात, हा अन्याय आहे. त्यावर मी जूनमध्ये मंडळाला अकरा पानं लिहून दिली. शाळांची मतं मागवली तेव्हा तुमच्याकडून एक ओळ आली नाही.

चेंडूला हात न लावणाऱ्या मुलीचं काय बिघडतं, असं तुम्ही मला विचारता. मी चार वर्षं त्याच खुर्चीवर बसले. मला चेंडू दिसायचा नाही म्हणून तुम्हीच माझ्या हातात पेन्सिल दिलीत. त्या वर्षी मोजणी आडवी आली असती तर यादीतून कुणाचं नाव गेलं असतं? उत्तर नको. मला ते माहीत आहे.

२५ तारखेला सकाळी नऊ वाजता मी बावन्नचा अहवाल देणार. त्याआधी शाळेची दुरुस्ती आली तर ती चूक धरली जाते. नाही आली तर फसवणूक, आणि संघ दोन वर्षं बाद. त्या पाचजणींसह.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

ब्रिटा

---

मिलर्स फोर्क,
३ नोव्हेंबर

चि. ब्रिटास,
अ. उ. आ.

दुरुस्ती २४ तारखेला मी ओटेंकडून सही करून घेऊन पाठवली. ओटे म्हणाले, एमिल, तुझ्या पोरीने आपल्याला बुडवलं. मी म्हणालो, पोरीने मोजलं. यावर खूश होऊ नकोस. बापाला तारीख आणि वेळ घालून देतेस, हे मी विसरणार नाही.

आपण वरच्या गटात गेलो, हे पाचजणींना सांगितलं. सगळ्यात उंच आहे तिने गुडघ्यांचे पट्टे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि विचारलं, हे कुणी केलं. मी केलं म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. सरावाला मात्र येते.

हॅन्सेलांच्या घरी गेलो होतो. कोराची आई जाळीच्या दारामागूनच बोलली, आत या म्हणाली नाही. कोराने आतून निरोप पाठवला की ती घरी शिकणाऱ्यांतली आहे, तेव्हा तिला टेबलाशी बसता येणार नाही.

शेवटच्या सामन्याला आमची खुर्ची रिकामी होती. आमच्या मुलींचे गुण समोरच्या शाळेच्या पोरीने लिहिले. तक्त्यावर सही करताना पाहिलं, सातला रेघ नव्हती.

उत्तर नको म्हणालीस, तरी देतो. तुझंच गेलं असतं. आणि रात्री जेवताना मी ते तुला सांगितलंही नसतं. एवढं लिहायला मला तीन दिवस लागले.

लोभाचं तू ठरव.

बाबा