हॅट उतरली की पेकन आडवा

रविवार, २९ सप्टेंबर १९९१
हॅस्क्यूंचं कुरण

प्रिय मोरीन आत्या,

तुझा गुडघा आता कुरकुरत नसेल अशी आशा आहे. इथे सगळे ठीक. वारा आहे, धूळ आहे, म्हणजे नेहमीसारखंच.

आधी मागच्या पत्रातली चूक. मी लिहिलं होतं, 'पेकन पहिल्याच वेळी थडग्याशेजारी आडवा झाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.' आडवा झाला हे खरं, टाळ्याही खऱ्या. पण थडगं तिथून बरंच लांब होतं आणि चित्रीकरण सुरूच झालं नव्हतं. जेवणाआधी पाद्रीबाबांनी प्रार्थनेसाठी हॅट काढली, आणि आपला घोडा बीन्सच्या टेबलापाशी डोळे मिटून पडला. शाळेची बस आपल्याकडे येत नव्हती तेव्हा तू मला स्वयंपाकघरात बसवून लिहायला शिकवलंस. चुकलेलं खोडायचं नाही, त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी खरं लिहायचं, असं सांगितलंस. ही ती रेघ समज.

आता शेजारचं खरं.

मालिकेचा हा दुसरा भाग पहिला संपला तिथूनच सुरू होतो. पहिल्यात म्हातारा कॅप्टन मेला, मित्राने हॅट काढून छातीशी धरली, आणि पेकन थडग्याला मान टेकवून पडला. तेव्हा सगळा देश रडला होता. लोक अजून पेकनसाठी गाजरं पाठवतात. आता कॅप्टनला जाऊन वर्ष झालंय. गाव थडग्यावर दगड बसवायला जमतं, पाद्री बोलतात, भजन होतं, आणि अगदी शेवटी पेकन पुन्हा तसाच आडवा होतो. निदान कागदावर तरी.

प्रत्यक्षात पाद्रीबाबांनी तोंड उघडलं की गावातले सगळे पुरुष हॅट काढतात, आणि पेकन तिथल्या तिथे लोळण घेतो. एकदा तर भजन संपेपर्यंत घोरला. माझं काम म्हणजे कुणाच्या डोक्यावर कोणती हॅट कशी कललेली होती ते पुढच्या वेळेपर्यंत लक्षात ठेवायचं. त्यामुळे प्रत्येक हॅटबरोबर माझाच जीव वरखाली होतो.

शेवटी दिग्दर्शक मिस्टर लँडो ओरडले, "मग हॅट काढूच नका ना! एकट्या मित्राने काढायची, तीही शेवटी. झालं!"

थर्मन काका, तुझे जुने शेजारी, गर्दीत उभं राहायला आले आहेत. ते म्हणाले, "थडग्यापाशी हॅट घालून उभं राहायचं? साहेब, आमच्या आयांनी आम्हाला असं वाढवलेलं नाही."

"अहो, थडगं रिकामं आहे! क्रॉस प्लायवुडचा आहे!"

"टीव्हीवर प्लायवुड कळेल?"

"नाही."

"पण हॅट दिसेल."

"म्हणजे तुमच्या आई बघणार आहेत का ही मालिका?"

"ती गेली बिचारी. पण तिथून दिसत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती गेली म्हटल्यावर आजूबाजूच्या सगळ्यांनी तिच्यासाठी हॅट काढल्या.

पेकन आडवा.

मी इतकी हसले की वही पडली. पण नंतर हसू येईना. मिस्टर लँडोंनी दुसरा घोडा आणून ठेवलाय. तरुण आहे, देखणा आहे, कपाळावरचा पांढरा ठिपका रंगवलेला. शुक्रवारी, ११ ऑक्टोबरला हा प्रसंग शेवटचा करून बघणार. जमला नाही तर तो घोडा कॅप्टनचा घोडा होणार आणि पेकन घरी जाणार. तू गेल्यापासून पेकन कुंपणाशी रस्त्याकडे तोंड करून उभा असायचा, हे मी तुला कधी कळवलं नाही. चित्रीकरणाला जायला लागल्यापासून तो पोटभर खातोय, माणसांत मिरवतोय. त्याला परत त्या कुंपणाशी नेऊन उभं करायचं माझ्याच्याने होणार नाही.

मिस्टर लँडोंनी बाबांना विचारलं, "शिकवलंत तुम्हीच ना? मग थांबवा की त्याला."

बाबा पिकअपकडे निघून गेले.

आत्या, आपण पाच वर्षं पत्रं लिहितोय, आणि पाच वर्षं मी तुला हवापाणी कळवतेय. त्या संध्याकाळी मालिकेचा पहिला भाग संपला, पडद्यावर नावं सरकली, त्यात बाबांचं नाव आलं, 'घोड्याचे शिक्षक: रॉइस हॅस्क्यू'. तू टीव्ही बंद केलास आणि हॅट न घेताच निघून गेलीस. मी चौदा वर्षांची होते. पेकनला कुणी शिकवलं हे मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं.

मंगळवारी बाबांनी तुझी हॅट घालून बघितली. ती कुठून आली हे तुला सांगावं की नाही, मी अजून ठरवलेलं नाही. पेकनने वास घेतला, बाबांकडे नीट निरखून पाहिलं, आणि हॅटच्या कडेचा एक घास घेतला.

ठरवलं. ती त्यांच्या पिकअपमध्ये सीटच्या मागे होती. कागदात गुंडाळलेली. इतकी वर्षं.

तेव्हाच मला आठवलं. पहिल्या भागाच्या चित्रीकरणात तू कुंपणावर बसून सँडविच खायचीस. आजूबाजूला कितीही जणांनी हॅट काढल्या तरी पेकनचं लक्ष फक्त तुझ्या हॅटकडे. ती डोक्यावर आहे तोवर तो ढिम्म. आता ती कुठेच दिसत नाही, म्हणून बिचारा भेटेल त्या हॅटवर विश्वास ठेवतो.

आज चर्चमधून आल्यावर मी कागद काढला, तर बाबा दारात.

"आत्याला लिहितेयस?"

"हो."

"पेकनचं लिही."

"आणि तुमचं?"

"माझं काय लिहायचंय? हॅट मी नाही खाल्ली."

गेले. थोड्या वेळाने परत आले. "कड शिवलीय म्हणून सांग. मीच शिवलीय. वाकडी झालीय." पुन्हा गेले, पुन्हा आले. "मी सांगितलं म्हणून लिहू नकोस." पण त्यांनीच सांगितलं, म्हणून तेही लिहिते.

माझं ठरलंय. मी आधी मिस्टर लँडोंकडे जाणार, बाबांना शेजारी उभं करून सांगणार की पेकनची शिक्षिका मोरीन हॅस्क्यू आहे, आणि या वेळी नाव तिचंच सरकलं पाहिजे. वाक्य पाठ केलंय. मग तिथूनच पिकअप घेऊन तुझ्याकडे निघणार. हॅट माझ्या शेजारच्या सीटवर असेल. परत येताना त्या सीटवर तू असावीस आणि हॅट तुझ्या डोक्यावर. बाबांशी बोलायची सक्ती नाही. शिवण वाकडी आहे एवढं म्हणालीस तरी त्यांना पुरेल.

कॉफी तयार ठेव. ती न पाजताच तू मला परत पाठवलंस, तर तेही मी जसंच्या तसं लिहीन, पण तसं लिहायची वेळ आणू नकोस.

तू पहिलं अक्षर जिच्याकडून गिरवून घेतलंस ती,
कॉरिन

ता. क. मी येण्याचा दिवस लिहायचा राहिला. बुधवार, ९ ऑक्टोबर.