पुढचा अभ्रा

६ मार्च

पोरीला नोकरी लागली! पण दुसऱ्या शहरात. म्हणजे लागून न लागल्यासारखीच. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय म्हणे. मी म्हटलं, महिनाअखेर कशाला, आत्ताच कळव – जमणार नाही म्हणून. मी दिवसभर हॉटेलच्या लॉन्ड्रीत. बाबांना उठवायचं, बसवायचं कोणी? तू घरी बसून काम करतेस म्हणून तर गाडा चाललाय. ती म्हणाली, "आई, ऐकून तरी—" काय ऐकायचंय त्यात? झटका आला तसा ह्यांचा उजवा हात गेला, बोलणं गेलं. आता तीही गेली की झालं!

हे खुर्चीतून बघत होते. "तिला..." म्हणाले. मी म्हटलं, "हो हो, तिलाच सांगतेय. कुठ्ठे जात नाही ती." त्यांनी तोंड फिरवलं. दमले असतील.

७ मार्च

चादरी, चादरी आणि चादरी. मनगट भाजलं.

९ मार्च

वाचा शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. मला म्हणतात, "त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करत जाऊ नका." अहो, ह्यांच्या दोन शब्दांमध्ये माझी भाजी चिरून होते! 'पा' म्हणेपर्यंत मी पाण्याचा पेला पुढे करते. त्यात वाईट काय? बाई म्हणाल्या, "आणि पाणी नको असलं तर?" म्हटलं, तर पितात गुपचूप.

मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्या गेल्यावर मलाही हसू येईना.

१२ मार्च

आज फजिती. माझं काम काय – ती इस्त्रीवरची बुटकी बाई प्रेसवरून एकेक कपडा सरकवते, मी टेबलावर रचते. दोन चादरी, दोन अभ्रे आले की बांधलं गाठोडं – तो झाला एक पलंग. पलंगावर टॉवेल आले की झाली खोली. खोल्या जमल्या की मजला, आणि मजला गाडीवर. डोळे मिटून करते मी.

आजपासून वरच्या मजल्याला मोठे पलंग. त्यांना उशा चार, म्हणजे अभ्रे चार. सकाळी सांगितलं होतं. पण हात ऐकतोय कुठे! दोन अभ्रे दिसले की मारली गाठ. मागून आणखी दोन आले, ते ढकलले बाजूला. त्यावर टॉवेल आले, तेही तिथेच. शेवटी टेबलावर अभ्र्यांचा डोंगर, कोणत्या पलंगाचे काही कळेना. सगळी गाठोडी सोडून पुन्हा बांधली.

सुपरवायझर म्हणाला, "मावशी, हाताला लगाम घाला जरा." आणि ती बुटकी – "अहो, ही जन्माला आलीच असेल सुईण यायच्या आत!" सगळ्या फिदीफिदी. हसा मेल्यांनो.

१३ मार्च

पोरीला अभ्र्यांचं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली, पण मग खुर्चीवरून उठलीच – "आई, अगं हेच तर माझं काम!"

म्हटलं, तू कधी इस्त्रीला हात लावलास?

मग सांगत बसली. कॉम्प्युटरला मजकूर द्यायचा. तो एकदम सगळा बघत नाही, एकेक शब्द घेतो, टेबलावर ठेवतो. त्याच्याकडे नियम दिलेले – अमुक आणि तमुक मिळून अमुक गाठोडं. वरचे दोन-तीन शब्द नियमात बसले की बांधायचं, ते गाठोडं पुन्हा टेबलावर ठेवायचं. मग गाठोड्यांचं आणखी मोठं गाठोडं. शेवटी सगळं मिळून एकच उरलं तर मजकूर बरोबर. काही सुटं राहिलं की चूक. ह्या बांधणाऱ्याला पार्सर म्हणतात. नियमांना व्याकरण.

"मग तुझा पार्सर म्हणजे मीच की!"

"हो. फक्त तो बांधायच्या आधी पुढचा कपडा बघतो. अभ्रा आला तर थांबतो, टॉवेल आला तर बांधतो."

एवढं बोलून माझ्याकडे बघितलं तिने. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. कोणाला टोमणा होता तो? पार्सरला नक्कीच नाही.

१४ मार्च

दोन अभ्रे झाले. हात गाठीवर. बुटकीच्या हाताकडे बघितलं – पुढे काय येतंय? अभ्रा! थांबले. चार झाल्यावर बांधलं. दिवसभर एकही गाठ सोडावी लागली नाही. घरी सांगणार नाही. तिला चढेल.

१८ मार्च

पोरगी जेवताना म्हणाली, "नाही म्हणून कळवते त्यांना. शनिवारी." मी म्हटलं, शहाणी माझी लेक. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिने ताटातला भात निम्माच खाल्ला.

हे पुन्हा म्हणाले, "तिला..." मी म्हटलं, "ऐकलंस? बाबांनाही तू इथेच हवीस." तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं. माझ्याकडे नाही. घरात दोघांना काही ठाऊक असावं आणि तिसरीला नसावं, तसं.

१९ मार्च

ह्यांनी डाव्या हाताने पेला बाजूला सारला. मी 'पा' ऐकलं होतं. पाय दुखत होता. पाणी नकोच होतं.

किती पेले पाजले असतील असे?

२० मार्च

भांडी घासताना सहज विचारल्यासारखं केलं – गाठ चुकीची बसलीच तर तुझा तो काय करतो?

"सोडतो. मागे जातो. दुसऱ्या नियमाने बांधून बघतो. वेळ लागतो, पण अडत नाही."

"आणि लाज?"

"मशीनला नसते गं आई."

हो ना. म्हणूनच त्याचं बरं चालतं.

२१ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी चहा घेऊन ह्यांच्यासमोर बसले. "तिला..." म्हणाले. जीभ टाळूला चिकटवून बसले मी. चहावर साय धरली. "...मी... जा... म्हटलं." घाम फुटला होता बिचाऱ्यांना. "केव्हाच."

वाक्य पुरं झालं की! हात गाठीवर – मग अडली कशाला ती? डाफरणार होते तिच्यावर. पण ह्यांचे ओठ अजून हलत होते. थांबले.

"ती... तुझ्या... साठी... थांबलीय. तू... एकटी... पडशील... म्हणून."

उठले. पोरीच्या खोलीचं दार ढकललं. म्हटलं, बोल. त्या दिवशी अर्धवट राहिलेलं सगळं बोल. मी मध्ये बोलणार नाही.